ऐंशी ट्रायचा हिशेब

इंग्लंडमधल्या रग्बी लीगच्या विक्रमांत एक आकडा शंभराहून अधिक वर्षे जागचा हललेला नाही. 1913-14च्या हंगामात हडर्सफील्ड क्लबच्या अल्बर्ट रोझेनफेल्डने 42 सामन्यांत 80 ट्राय केले. चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्यांची फळी भेदायची, गोलरेषा ओलांडायची आणि चेंडू जमिनीला टेकवायचा, की एक ट्राय होतो. रोझेनफेल्डने दोन वर्षे आधी, 1911-12 मध्ये, 78 ट्राय केले होते. त्याच्यानंतर या आकड्याच्या आसपास फिरकला तो वॉरिंग्टनचा ब्रायन बेव्हन. त्याचे 1952-53 मधले ट्राय 72. आजच्या सुपर लीगमधला एका हंगामाचा विक्रम डेनी सोलोमोना याने 2016 मध्ये कॅसलफर्डकडून केला, तो 40 ट्रायचा, म्हणजे नेमका निम्मा. क्रिकेटचे आकडे तोंडपाठ असणारा आपल्याकडचा वाचक यावरून दोनपैकी एक निष्कर्ष चटकन काढेल. एकतर जुना खेळाडू दुपटीने थोर होता, किंवा जुन्या काळचे बचावपटू निम्म्या लायकीचे होते. मला दोन्ही पटत नाहीत. एखाद्या हंगामाच्या विक्रमात खेळाडूच्या पायांइतकाच त्या वर्षीच्या मजुरीचा, वेळापत्रकाचा आणि नियमांचा वाटा असतो. त्यातही मजुरीचा आणि वेळापत्रकाचा वाटा आपण धरतो त्याहून बराच मोठा असतो. या खेळाला खरी वळणे मिळाली ती हॉटेलांतल्या बैठकांत आणि संचालकांच्या खोल्यांत, आणि विक्रमांच्या यादीत त्याच बैठकांचे निकाल उमटलेले दिसतात.

सुरुवात मजुरीपासूनच करावी लागते, कारण हा खेळच मजुरीच्या भांडणातून जन्मला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यॉर्कशायर आणि लँकेशायरच्या गिरण्यांतले, खाणींतले आणि गोद्यांतले कामगार रग्बी खेळू लागले. शनिवारी दुपारपर्यंत कामावर असणाऱ्या माणसाला दूरच्या गावी सामना खेळायचा तर अर्ध्या दिवसाचा खाडा पडे आणि तेवढी मजुरी बुडे. ती भरून द्यायला उत्तरेतले क्लब तयार होते. मात्र रग्बी फुटबॉल युनियनची सूत्रे ज्या वकील, डॉक्टर आणि सावकारी घराण्यांतल्या मंडळींच्या हाती होती, त्यांना खेळासाठी एक पैसाही घेणे हा भ्रष्टाचार वाटे. 20 सप्टेंबर 1893 रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर पॅलेस हॉटेलात यॉर्कशायरच्या जेम्स मिलर यांनी बुडालेल्या मजुरीची भरपाई देण्याचा ठराव मांडला. तो 136 विरुद्ध 282 मतांनी पडला. दोन वर्षांनी, 29 ऑगस्ट 1895 रोजी, हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेच्या क्लबांनी जुनी संघटना सोडून ‘नॉर्दर्न युनियन’ (पुढची रग्बी लीग) काढली आणि भरपाईचा दर ठरवला दिवसाला 6 शिलिंग. ही फूट तत्त्वाची होती असे दोन्ही बाजूंनी पुढे खूप लिहिले गेले. पण काउंटी अजिंक्यपदाची यादी पाहिली तर आणखी एक गोष्ट दिसते. 1889 ते 1896 या आठ वर्षांत सात वेळा ते पद यॉर्कशायरकडे होते आणि उरलेले एकदा लँकेशायरकडे. दक्षिणेतल्या सभ्य गृहस्थांना तत्त्वाची काळजी असेलही. गिरणी कामगारांकडून दरवर्षी हरण्याचा कंटाळाही त्यांना आला नसेल, असे म्हणवत नाही.

नव्या संघटनेचा पहिला हंगाम, 1895-96, एवढ्याच मुद्द्यासाठी बारकाईने पाहण्यासारखा आहे. 22 क्लब, प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचे, म्हणजे एकेका क्लबाला 42 सामने, आणि तेही आठवडाभर कोळसा उपसणाऱ्या किंवा माग चालवणाऱ्या माणसांनी. अजिंक्यपद ब्रॅडफर्डच्या मॅनिंगहॅम क्लबाने हॅलिफॅक्सवर एका गुणाची आघाडी राखून मिळवले. या खेळाच्या इतिहासातला हा पहिला विजेता, आणि आज रग्बी लीगच्या नकाशावर त्याचा मागमूस नाही. 1903 मध्ये त्या क्लबाच्या चालकांनी हिशेब मांडला, सॉकरमध्ये जास्त प्रेक्षक आणि जास्त पैसा आहे हे पाहिले आणि क्लबाचे रूपांतर ब्रॅडफर्ड सिटी या फुटबॉल संघात करून टाकले. त्या संघाने एकही सामना खेळण्याआधीच त्याला फुटबॉल लीगमध्ये प्रवेश मिळाला आणि 1911 मध्ये त्याने एफए कपही जिंकला. पहिल्या विजेत्याची ही गत झाली, तेव्हा बाकीच्यांना आपल्या खेळाचे रूप बदलणे भागच होते. 1897 मध्ये लाइनआउट, म्हणजे कडेबाहेर गेलेला चेंडू दोन रांगांमध्ये फेकून खेळ सुरू करण्याची रीत, रद्द झाला आणि खांबांमधून लाथाडलेल्या सगळ्या गोलांची किंमत दोन गुणांवर आणली गेली. 1898 मध्ये पगार देणे उघडपणे मान्य झाले, पण खेळाडूकडे दुसरा कायमचा रोजगार असलाच पाहिजे या अटीवर. बेकार माणसाला रग्बी खेळून पोट भरता येऊ नये, असा त्या अटीचा अर्थ होता आणि ती 1905 पर्यंत टिकली. मग 1906 मध्ये संघ पंधराचा तेराचा झाला. पकडल्या गेलेल्या खेळाडूने उठून चेंडू पायाने मागे द्यायचा, ही या खेळाची आजची ओळख असलेली रीतही त्याच वर्षी आली. तेरा माणसांमुळे मैदान मोकळे झाले, पळायला जागा मिळाली आणि प्रेक्षकांना ट्राय पाहायला मिळू लागले. दर शनिवारी दोन माणसांचे पैसे वाचले, हाही फायदा चालकांच्या नजरेतून सुटला नसावा.

रोझेनफेल्ड अशा खेळात उतरला. सिडनीचा हा ज्यू तरुण 1908-09च्या पहिल्या ऑस्ट्रेलियन दौऱ्यावर इंग्लंडला आला आणि हडर्सफील्डने त्याला करारबद्ध केले. त्या क्लबाने तेव्हा वेल्समधून बेन ग्रोनो, कंबरलंडमधून डग्लस क्लार्क अशी दूरदूरची माणसे गोळा केली होती. कप्तान हॅरल्ड वॅगस्टाफ मात्र जवळच्याच होमफर्थचा. पकडले जाण्याआधी चेंडू हातोहात पुढे सरकवत न्यायचा, हे त्यांचे तंत्र होते. त्याचा शेवटचा लाभार्थी असे कडेला धावणारा विंगर, म्हणजे रोझेनफेल्ड. इथे पैसा आणि नियम जोडीने काम करताना दिसतात. लोकरीच्या धंद्यावर सुबत्ता आलेल्या गावात दूरचे खेळाडू विकत घेण्याची ऐपत होती, आणि तेरा जणांच्या मोकळ्या मैदानावर त्या खेळाडूंना वाव होता. तिसरी गोष्ट वेळापत्रकाची. लीग, काउंटी लीग, काउंटी कप, चॅलेंज कप अशा एकात एक गुंतलेल्या स्पर्धा सप्टेंबरपासून एप्रिलअखेरपर्यंत चालत आणि त्यांत दुबळ्यांशीही गाठ पडे. 28 फेब्रुवारी 1914 रोजी चॅलेंज कपच्या पहिल्या फेरीत हडर्सफील्डने स्विंटन पार्क रेंजर्स या हौशी संघाला 119-2 असे हरवले. त्याआधी 1905 मध्ये हल किंग्स्टन रोव्हर्सच्या जॉर्ज ‘टिच’ वेस्टने ब्रुकलंड रोव्हर्स या अशाच हौशी संघाविरुद्ध एका सामन्यात 11 ट्राय आणि 10 गोल मिळून 53 गुण केले होते, आणि तोही विक्रम आजवर उभा आहे. दिवसभर गोदीत किंवा खाणीत राबून आलेल्या हौशी संघासमोर व्यावसायिक संघ उभा राहिला की काय होते, याचे हे आकडे आहेत. अशा दुपारी मिळालेले ट्राय हंगामाच्या बेरजेत वेगळे दाखवले जात नाहीत.

यावर सरळ आक्षेप असा की त्या हंगामात तेच नियम, तेच वेळापत्रक आणि तेच दुबळे संघ शेकडो खेळाडूंना उपलब्ध होते, मग 80 ट्राय एकट्यानेच कसे केले? आक्षेप खरा आहे आणि तो टाळता येत नाही. विक्रम कोणाच्या नावावर जाईल, हे गुणवत्ता ठरवते. रोझेनफेल्डचा वेग आणि जागा हेरण्याची नजर नसती तर ते नाव दुसऱ्या कोणाचे असते. आकडा साधारण कुठवर जाऊ शकेल, हे मात्र व्यवस्था ठरवते. याचा पडताळा सिडनीत मिळतो. तिथे 1907च्या ऑगस्टमध्ये बेटमन्स हॉटेलात वेगळी लीग निघाली, तीही मजुरीच्याच कारणाने. अलेक बर्डन या खेळाडूला खेळताना दुखापत झाली, काम बंद पडले आणि जुन्या रग्बी संघटनेने भरपाई दिली नाही. ज्यांनी पुढाकार घेतला त्यांत क्रिकेटपटू व्हिक्टर ट्रम्पर होता, आणि तो नव्या संघटनेचा खजिनदारही झाला. सिडनीचा हंगाम इंग्लंडपेक्षा खूप छोटा. 1935 मध्ये ईस्टर्न सबर्ब्सच्या डेव्ह ब्राउनने 15 सामन्यांत 38 ट्राय केले. म्हणजे सामन्याला अडीचहून अधिक, तर रोझेनफेल्डची सरासरी दोनाच्या आत आहे. या दराने ब्राउनला 42 सामने मिळाले असते तर बेरीज शंभरापलीकडे गेली असती. पण तोच न्याय ब्राउनलाही लावावा लागतो. 1935 हे कँटरबरी या नव्या क्लबाचे पहिले वर्ष होते. पाठोपाठच्या दोन आठवड्यांत तो सेंट जॉर्जकडून 91-6 आणि ईस्टर्न सबर्ब्सकडून 87-7 असा हरला. त्या दुसऱ्या सामन्यात ब्राउनने एकट्याने 5 ट्राय आणि 15 गोल मिळून 45 गुण केले. दोन देश, दोन दशकांचे अंतर, आणि दोन्ही विक्रमांच्या मुळाशी सबळ आणि दुर्बळ यांच्यातली तीच दरी.

आता या खेळातले सर्वांत गाजलेले वळण पाहू, कारण इथे नियमाला जरुरीपेक्षा जास्त श्रेय दिले जाते. सिडनीच्या सेंट जॉर्ज क्लबाने 1956 ते 1966 अशी सलग 11 अजिंक्यपदे जिंकली. 1959 मध्ये तर तो एकही सामना हरला नाही. त्या काळी टॅकलवर, म्हणजे चेंडूवाल्या संघाने किती वेळा पकडले जायचे यावर, मर्यादा नव्हती. संघाचे फॉरवर्ड दणकट असतील तर चेंडू हातचा न सोडता, पकडले जात आणि पुन्हा उठत, वाटेल तितका वेळ पुढे सरकता येई. 1967 मध्ये चार टॅकलनंतर चेंडू सोडावा लागेल असा नियम आला आणि त्याच वर्षी सेंट जॉर्जची मालिका तुटली. सेंट जॉर्जला रोखण्यासाठीच हा नियम आणला, असे तिथे आजही सांगितले जाते. गोष्ट ऐकायला छान आहे, पण तारखा तिच्याविरुद्ध साक्ष देतात. चार टॅकलची कल्पना सिडनीची नव्हतीच. ब्रिटनमध्ये रग्बी फुटबॉल लीगचे सचिव बिल फॅलोफील्ड यांनी ती पुढे रेटली आणि 1966च्या ऑक्टोबरमध्ये बीबीसी-टूच्या प्रकाशझोतातल्या स्पर्धेत ती आजमावली गेली. कारण उघड होते. एकाच संघाने चेंडू कवटाळून बसलेले पाहायला दूरचित्रवाणीचा प्रेक्षक थांबणार नव्हता. शिवाय 1967 मध्ये सेंट जॉर्ज काही कोसळला नाही. अंतिम सामन्याच्या एक पायरी अलीकडे तो कँटरबरीकडून 12-11 असा, एका गुणाने, हरला. दीर्घकाळ त्याचा आधार असलेला नॉर्म प्रोव्हन 1965 मध्येच निवृत्त झाला होता. नियमाने त्याची वाट अवघड केली असेल, पण एका गुणाचा पराभव हा नियमबदलाचा पुरावा म्हणून फार तोकडा आहे.

सेंट जॉर्जच्या यशाचे कारण शोधायचे तर टॅकलच्या नियमाइतकेच क्लबाच्या जमाखर्चाकडे पाहावे लागते. 1956 मध्येच न्यू साउथ वेल्स राज्याने नोंदणीकृत क्लबांना जुगाराची यंत्रे ठेवायला कायदेशीर परवानगी दिली. पहिले अजिंक्यपद त्या पैशाने आले असे म्हणता येणार नाही, तेवढा वेळच नव्हता. मात्र पुढच्या वर्षांत सेंट जॉर्जच्या लीग्ज क्लबात, म्हणजे संघाला जोडलेल्या सदस्यांच्या क्लबात, यंत्रांमधून इतका पैसा आला की कोगारामध्ये 1963 साली उभ्या राहिलेल्या त्याच्या भव्य इमारतीला लोक ‘ताजमहाल’ म्हणू लागले. रेग गॅस्नियर, जॉनी रेपर, ग्रॅम लँगलंड्स अशी माणसे एका संघात धरून ठेवायला केवळ निष्ठा पुरत नाही.

नियमाचे श्रेय जिथे खरोखर आहे, ते ठिकाण या गाजलेल्या गोष्टीच्या शेजारीच आहे आणि तिकडे फारसे कोणी पाहत नाही. चार टॅकलची मर्यादा आली तेव्हा धावता धावता चेंडू टप्प्यावर लाथाडून केलेल्या फील्ड गोलला 2 गुण होते. चौथ्या टॅकलनंतर चेंडू जाणारच असेल, तर गोलखांबांसमोर असताना तो फुकट का घालवा? फील्ड गोल मारून दोन गुण खिशात टाकावेत, हे साधे गणित साउथ सिडनीच्या एरिक सिम्सइतके कोणालाच साधले नाही. त्याने एका सामन्यात 5 फील्ड गोल केले. 1969 मध्ये हंगामात 265 गुण करून त्याने ब्राउनचा 1935 मधला 244 गुणांचा विक्रम मोडला. 1970च्या अंतिम सामन्यात साउथ सिडनीने मॅन्लीला 23-12 असे हरवले, तेव्हा त्या 23 पैकी 8 गुण सिम्सच्या चार फील्ड गोलांचे होते. पुढच्याच वर्षी, 1971 मध्ये, ऑस्ट्रेलियात फील्ड गोलची किंमत 1 गुणावर आली आणि टॅकलची मर्यादा चारवरून सहावर गेली. ब्रिटनने सहा टॅकल 1972 मध्ये आणि एक गुणाचा ड्रॉप गोल (तिथे फील्ड गोलचे नाव) 1974 मध्ये स्वीकारला. नियमातून विक्रम जन्मला आणि विक्रमाने नियमच बदलायला लावला, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसऱ्या कोणत्याही खेळात मला माहीत नाही. 1967चे वळण सेंट जॉर्जच्या पराभवापेक्षा सिम्सच्या बुटाच्या टोकाशी जास्त जोडलेले आहे.

दुसरा आक्षेप याहून अवघड आहे. टॅकलच्या मर्यादेने खेळाचा कायापालट झाला असेल, तर सहा टॅकलच्या काळात ट्रायचे मोठे आकडे दिसायला नकोत. पण ते दिसतात. एलरी हॅन्लीने ब्रॅडफर्ड नॉर्दर्नमध्ये असताना 1984-85 मध्ये 55 आणि विगनमध्ये असताना 1986-87 मध्ये 63 ट्राय केले, आणि तो विंगरही नव्हता. डेव्हिड वॉटकिन्सने सॅलफर्डसाठी एका हंगामात केलेले 221 गोल हा विक्रमही 1972-73चा, म्हणजे सहा टॅकल नुकते आले तेव्हाचा. या आक्षेपाने माझा मुद्दा मोडत नाही, फक्त त्याचा रोख बदलतो. टॅकलच्या नियमाने गुण मिळवण्याचे मार्ग बदलले, पण हंगामाच्या बेरजेचे माप फार बदलले नाही, कारण वेळापत्रक आणि विषमता दोन्ही तशीच राहिली. विगन तर पूर्णवेळ व्यावसायिक संघ उभा करणाऱ्यांत आघाडीवर होता आणि त्याच्यासमोरचे बरेच खेळाडू दिवसा नोकरी करून संध्याकाळी सरावाला येत. 1988 ते 1995 अशी सलग आठ वर्षे त्याने चॅलेंज कप जिंकला. त्या स्पर्धेतली त्याची सलग 43 सामन्यांची अपराजित मालिका 1996च्या फेब्रुवारीत सॅलफर्डने तोडली.

आणि नेमक्या त्याच वर्षी माप बदलले. 1995 मध्ये रुपर्ट मर्डॉक यांच्या कंपनीच्या पैशावर सुपर लीगचा करार झाला. 1996 पासून हिवाळ्याचा खेळ उन्हाळ्यात गेला आणि वरच्या श्रेणीत 12 क्लब राहिले. कॅसलफर्ड, वेकफील्ड आणि फेदरस्टोन या शेजारी गावांचे क्लब एकत्र करण्याची योजना होती. चाहते रस्त्यावर उतरले आणि ती बारगळली. पण छोटा हंगाम आणि एकाच तोलामोलाचे प्रतिस्पर्धी ही नवी चौकट कायम झाली. सोलोमोनाचे 40 ट्राय या चौकटीतले आहेत, म्हणूनच ते रोझेनफेल्डच्या 80 समोर ठेवून कमी लेखणे अन्यायाचे आहे. ऑस्ट्रेलियात तर पगारावरच्या मर्यादेने विक्रमांच्या यादीत थेट हात घातला. 2002 मध्ये कँटरबरीच्या बुलडॉग्जनी सलग 17 सामने जिंकले होते, आणि मर्यादा ओलांडल्याबद्दल त्यांचे 37 गुण कापून त्यांना तळाला बसवण्यात आले. 2010 मध्ये मेलबर्न स्टॉर्मची 2007 आणि 2009 ही दोन अजिंक्यपदे काढून घेतली गेली आणि उरलेला हंगाम त्यांना गुणांविना खेळावा लागला. मैदानावरचा निकाल तोच राहिला, पण नोंदीतून तो गेला. विक्रम शेवटी हिशेबाच्या टेबलावर ठरतो हे ज्यांना अतिशयोक्ती वाटते, त्यांनी या दोन हंगामांचे तक्ते पाहावेत.

1995च्या त्याच पैशाच्या लाटेने शंभर वर्षांपूर्वीचे मूळ भांडणही निकाली काढले. लीग क्लब आपले खेळाडू ओढून नेतील या धास्तीने जुन्या रग्बी युनियनच्या जागतिक मंडळाने 26 ऑगस्ट 1995 रोजी पॅरिसमध्ये पगाराला मुक्त परवानगी दिली. जॉर्ज हॉटेलातल्या बैठकीला शंभर वर्षे पुरी व्हायला तीन दिवस बाकी होते. पुढच्या मे महिन्यात लीगचा विगन आणि युनियनचा बाथ हे दोन संघ एकमेकांशी दोनदा खेळले. मँचेस्टरला लीगच्या नियमांनी विगन 82-6 असा जिंकला आणि अडीच आठवड्यांनी ट्विकेनहॅमला युनियनच्या नियमांनी बाथ 44-19 असा जिंकला.